अटाळी भाड्याने देणे आहे

ता. ६ जानेवारी

चि. भिंगरीस आजीचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यांत आधी उगवला तो कुलुपं दुरुस्त करणारा. माझा सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता. दारात उभा राहून मान इकडून तिकडे करत पाटीकडे बघतोय. काय हवंय म्हणून विचारलं, तर म्हणाला वस्तू बघायला आलोय. कुठली वस्तू? तर म्हणे ती अटाळी. चालू आहे का बंद, आणि हाताने फिरवायची की पायाने? अगं, त्या शहाण्याला ते यंत्र वाटलं! मी त्याला म्हटलं, बाबा रे, फिरवायची नाही, चढायची असते. तर एक पाऊल मागे सरकला. त्याला वाटलं असेल आता घोडी दाखवते की काय.

बघ, तुला पाटीचं सांगायचं राहूनच गेलं. मी म्हणजे अशीच, शेपटाकडून सुरुवात. तुझी शाळेतली दगडी पाटी होती ना, एक कोपरा उडालेली, ती सापडली पिठाच्या डब्यामागे. तिच्यावर खडूने लिहिलं, अटाळी भाड्याने देणे आहे, आणि दाराच्या खिळ्याला लावली. अक्षर काही वाईट आलं नाही. आमची शाळा चौथीत संपली, पण बाई अक्षरावर मारायच्या.

कुलूपवाल्यानंतर आली एक नर्स, इस्पितळातून थेट, पायांत अजून ते पांढरे बूट. तिला वाटलं अटाळी म्हणजे आजारी माणसाची खाट, खालून कळ फिरवली की डोकं वर होणारी. ती कुणासाठी तरी शोधत होती. मी नाही म्हटल्यावर खट्टू झाली, पण माझी नाडी बघून गेली फुकटात. चांगली आहे म्हणाली. नाडी ग.

तिसरे आले ते बसचे ड्रायव्हर, आता घरी बसलेले. त्यांना मात्र शब्द ठाऊक होता! म्हणाले, कानावर पडून किती वर्षं झाली, लहानपणी आमच्याकडेही होती. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. मग शिडीकडे बघितलं, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि खालीच बसले. दुपारपर्यंत बसगाडीच्या गोष्टी सांगितल्या. ब्रेक कसा लागला नाही ती गोष्ट दोनदा. मी दोन्ही वेळा घाबरले, नाहीतर वाईट दिसतं.

तू आता डोळे वटारून विचारशील की भाडेकरू कशाला हवाय. पैशाला नको ग. माझं असं लागतं काय. डोक्यावर पावलं वाजावीत एवढंच. संध्याकाळी दिवा लावला की घर इतकं गप्प होतं की नळ टपकला तरी बरं वाटतं. पण तोही तुझा बाप रविवारी येऊन दुरुस्त करून जातो. तो तसाच आहे. शिलाईच्या दुकानातून बसने येतो, नळाखाली डोकं घालतो, जेवतो, जातो. तुझं नाव काढलं की त्याला पाना सापडत नाही.

हे पत्र शिडीखालच्या स्टुलावर बसून लिहितेय. माझी बसायची जागा तीच, तुला माहीत आहे.

लिहायचा कंटाळा करू नकोस. माया आहे तेवढी ठेव, वाढली तर माझी काही तक्रार नाही.

तुझी,
आजी

*

ता. १५ जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घोडीपाशी आल्यावर इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या सोबत्याच्या हातून काच निसटली. चष्म्याची काच घासताना हात हलला की संपलंच. मालकांनी माझ्याकडे भिंगातून बघितलं. त्यांना सगळं भिंगातूनच बघायची सवय आहे.

पण आजी, माझी अटाळी? माझी गोधडी आहे वर, आणि खिडकीत ठेवलेले रंगीत काचांचे तुकडे. कुलूपवाल्याला देणार होतीस ते?

आता एक सांगते, हसू नकोस. मुलींचं वसतिगृह सोडलं. इथे एका उंच घराच्या अगदी वरच्या टोकाला खोली मिळाली. छप्पर एका बाजूने इतकं उतरतं की पलंगावर उठून बसताना रोज एकाच वाशावर डोकं आपटतं. एक खिडकी, तिच्यातून शेजारच्या घराचं धुराडं आणि उरलेलं आकाश. घरमालकीण म्हणते वरची खोली. मी तिला सांगितलं की आमच्याकडे हिला अटाळी म्हणतात. मग तिने विचारलं म्हणजे काय, आणि मला नीट सांगता येईना. पोटमाळा म्हणावं तर तो नाही, माडी म्हणावं तर ती नाही. दुकानात कुणालाच शब्द माहीत नाही. तू सांग ना, खरं काय ते, आणि कसं वापरायचं तेही.

इथे वर कुणाचाच आवाज पोचत नाही. रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी एक शब्द बोलत नाही. मग रात्रीच्या जेवणाआधी काहीतरी मोठ्याने म्हणून बघते, घसा चालू आहे ना म्हणून. मागच्या रविवारी मीठ असं म्हटलं.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. मालकांचं आणखी एक दुकान आहे, फार लांब, बोटीने जावं लागतं. तिथे काच घासणारं माणूस हवंय आणि त्यांनी मला विचारलंय. एकदा गेलं की चार-पाच वर्षं परतणं नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत हो-नाही सांगायचं आहे. इकडे माझ्यावाचून कुणाचं काही अडत असतं तर गोष्ट वेगळी. तू आहेस म्हणा. पण तू मला कधीच अडवणार नाहीस, ते मला ठाऊक आहे.

बाबांना माझा पत्ता माहीत आहे ना? नाही, सहज विचारते. मी निघाले त्या सकाळी ते दारापर्यंतही आले नाहीत. मी सामान घेऊन गल्ली संपेपर्यंत त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकत होते. एकदाही थांबला नाही. मी पहिलं पत्र लिहिणार नाही, आजी. तूही त्यांना काही सांगू नकोस.

शिडी चढू नकोस. तुझ्या मायेची सवय झाली आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

*

ता. २४ जानेवारी

चि. भिंगरीस डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. वि. वि. आणि ज्या वाशावर डोकं आपटतेस त्याला जुनं फडकं गुंडाळ, इतकं शिकलेली माणसं तुम्ही.

आधी शब्दाचं. पोटमाळा म्हणजे जिथे सामान फेकायचं. तुटकी छत्री, लग्नातली पातेली, कुणी घेऊ नये आणि टाकूही नये अशा वस्तू. तिथे माणूस वाकून जातो आणि शिंकत परत येतो. माडी म्हणजे ज्यांच्याकडे जिना आहे त्यांची ती. जिना म्हटला की कठडा आला, कठडा आला की त्यावर हात ठेवून खाली बघणारी माणसं आली. आपलं ते नाही. अटाळी म्हणजे कौलांच्या पोटातली माणसाची खोली. मधोमध उभं राहता यायला हवं, कडेला नाही आलं तरी चालेल. आणि खिडकी हवी, डोकं मावेल एवढी. सामान असेल तर पोटमाळा, माणूस असेल तर अटाळी. मला तरी इतकंच कळतं.

आता वापरायचं कसं ते. मी लग्न होऊन आले तेव्हा या दोन खोल्यांत सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद, आणि वर येणारे जाणारे. कूस बदलायची तर शेजारच्याला विचारून. रडायचं तर पाणी भरायच्या वेळी. मग माणसाला एकटं बसावंसं वाटलं तर जाणार कुठे? वर. रुसून असो, दुःखाने असो, नाहीतर नुसतं डोकं भणभणलं म्हणून असो. त्याला म्हणायचं, अमक्याने अटाळी धरली. तो वर असेपर्यंत म्हणायचं, अटाळीवर आहे. कुणी बाहेरचा विचारायला आला, तरी तेवढंच सांगायचं, आणि तोही समजून निघून जायचा. आणि आला खाली की अटाळी उतरली म्हणायचं, पण त्याच्यासमोर नाही.

सासूबाईंचा नियम होता. अटाळी धरलेल्याला हाक मारायची नाही. जेवायला ये म्हणून नाही, कुणी आलंय म्हणून नाही, माझं चुकलं म्हणूनही नाही. हाक मारून आणलेला माणूस अर्धाच खाली येतो, असं म्हणायच्या. एरवी बाई फार कजाग, माझ्या हातचं मीठ त्यांना कधी पुरलं नाही (तू मीठ म्हणून बघितलंस, मला त्यांचीच आठवण झाली), पण या बाबतीत शहाण्या.

तुझा बाप लहानपणी फार चढायचा. बोलायचं कमी, त्यामुळे चढायचं जास्त. एकदा त्याच्या बापाने त्याचा पतंग जाळला तर जेवणं टळून गेली तरी उतरला नाही.

तेव्हा एकटं बसायला जागा नव्हती म्हणून वर जायचे. आता सगळं घरच अटाळी होऊन बसलंय, नुसती खाली आलेली. असो. नाडी चांगली आहे.

आता रविवारचं. तू सांगू नकोस म्हणालीस, मी नाही सांगितलं. पाटीनेच सांगितलं. तो आला, दारात थबकला आणि पाटी वाचत उभा राहिला. एवढ्या चार शब्दांना किती वेळ लागावा? आत येऊन म्हणाला, कोण राहणार आहे वर. मी म्हटलं, बघू, अजून तरी खाट शोधणारीच येतायत. मग तो नळाखाली गेला. आणि नळाखालून, अगं खरंच, दिसत होते नुसते पाय, तिथून म्हणाला की तीही अटाळीवर आहे. कोण ती, मी विचारलं नाही. म्हणाला, घर सोडून गेली तेव्हाच धरली तिने अटाळी. आपल्या घरात हाक मारत नाहीत. उतरेल तेव्हा उतरेल. मग बराच वेळ पाना वाजत राहिला. नळ तर मागच्याच रविवारी दुरुस्त झाला होता.

तेव्हा भिंगरे, त्याला पत्ता माहीत आहे की नाही ते मला माहीत नाही, पण तो विसरला नाही एवढं मी सांगते. तो थांबलाय.

बोटीचं वाचलं. दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मी अडवत नाही.

मायेला उतार नाही, शिडी नाही, ती आहे तिथेच आहे.

तुझी,
आजी

*

ता. २ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

अर्थ छान सांगितलास. घरमालकिणीला सांगितला, तिला आवडला. पण नियम वाचून मला राग आला, आणि तो तुझ्यावरच काढते, कारण दुसरं कुणी हाताशी नाही.

हाक मारायची नाही, हे किती सोयीचं आहे ग! वरच्याने वर कुढायचं आणि खालच्याने म्हणायचं, मी थांबलोय. थांबलेला माणूस आणि विसरलेला माणूस, वरून दोघे सारखेच दिसतात, आजी. म्हणजे दिसत नाहीत. तुमच्या घरात निदान खालून भांड्यांचा आवाज यायचा. माझ्या खाली परक्यांची घरं आहेत आणि त्याच्याही खाली रस्ता.

मागच्या आठवड्यात मला ताप होता. काळजी करू नकोस, उतरला. दोन दिवस पडून होते. तेव्हा मी कान देऊन ऐकत होते, जिन्यात कुणाची तरी पावलं वरच्या मजल्यापर्यंत येतायत का. दुसऱ्या मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, बंद व्हायचं. कुणी हाक मारली नाही. इथेसुद्धा तुमचा नियम नीट पाळला गेला म्हणायचा.

बाबांनी माझ्यासाठी दुसरं मशीन आणून ठेवलं होतं, तेल घालून, हे मला ठाऊक आहे. मला कापड आवडत नव्हतं, काच आवडत होती, एवढाच माझा गुन्हा. मी ते समोर उभं राहून सांगितलं होतं. त्यांनी रागावायचं तरी होतं.

मी मालकांना महिनाअखेर हो म्हणणार आहे. खोली इथली काय आणि तिथली काय, वाशाला फडकंच गुंडाळायचं.

तुझ्यावर रागावूनही तुझीच,
भिंगरी

*

ता. ७ फेब्रुवारी

चि. बाळास आशीर्वाद. आज जरा कमी.

रविवारपर्यंत थांबले असते. पण तोंडासमोर बोललं की तू नळाखाली डोकं घालतोस. पत्राला नळ नसतो, म्हणून लिहिते. गिऱ्हाईक असेल तर आधी त्याला वाटेला लाव आणि मग वाच.

पोरगी बोटीने जायला निघाली आहे. चार-पाच वर्षं. महिना संपायच्या आत ती मालकाला हो म्हणेल. मधे तिला ताप येऊन गेला, दोन दिवस एकटी पडून होती आणि जिन्यात पावलं वाजतात का ते ऐकत होती. तुला सांगू नकोस म्हणाली होती. सांगितलं.

आता तुझ्या त्या नियमाचं. अरे, तुला अर्धाच ठाऊक आहे. तुझा तरी काय दोष, तू नेहमी वरच असायचास! खाली काय चालायचं ते तुला कुठून दिसणार? हाक मारायची नाही हे खरं. पण खाली बसायचं असतं. ज्याचं माणूस वर गेलं त्याने आपलं काम घेऊन शिडीशी बसायचं आणि तो उतरेपर्यंत हलायचं नाही. तुझा पतंग जळला त्या दिवशी मी दुपारपासून तिथे बसून गहू निवडत होते. निवडून झाले, पुन्हा त्यातच खडे मिसळून निवडले. तुझी आजी मला उठवायला आली नाही, उलट माझ्या वाटणीचा स्वयंपाक तिनेच केला. तू वरच्या पायरीवर पाय ठेवलास की मी उठायची आणि चुलीकडे तोंड करून उभी राहायची. उतरणाऱ्याला वाटू नये की आपली वाट बघत बसले होते, त्याला लाज वाटते. म्हणून तुला कधी दिसले नाही. तुला वाटत आलं की खाली कुणी नसतंच, नुसते थांबतात.

शिडीखालचं ते स्टूल तिथे का आहे, असं तू एकदाही विचारलं नाहीस. तूही मोठा झालास आणि गेलास, पण मला ते उचलवलं नाही.

ती निघाली त्या सकाळी तुझ्या दुकानात मागच्या खोलीत मी होते. तू मशीन चालवत होतास. मी पडदा सरकवून बघितलं. सुईखाली कापड नव्हतं. हे मी तिला कळवलेलं नाही, ते तू सांग.

पत्ता खाली लिहिला आहे. मोठ्या अक्षरात.

आई

*

ता. १० फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

पत्र मिळाले. शनिवारी दुकान बंद ठेवतो. या रविवारी नळाला येणे होणार नाही.

काजांचे काम बरेच साठले आहे, ते बरोबर नेतो. तिला कळवू नये.

स्टुलाचा एक पाय हलतो, त्यावर जपून बसावे.

तुझा,
बाळ

*

ता. १७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू काय लिहिलं होतंस त्यांना? एकेक शब्द सांग! आणि तू त्यांना उठून जायचं कशाला शिकवलंस?

नीट सांगते, नाहीतर तुझ्यासारखं शेपटाकडून होईल. रविवार होता. मी पडून होते, उठायचं काही कारण नव्हतं. दुपार झाल्यावर घरमालकीण धापा टाकत वर आली. ती आजवर कधी वर आली नव्हती. म्हणाली, जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर सकाळपासून एक माणूस बसलाय. कोण हवंय विचारलं तर म्हणतो कुणी नाही, बसलोय. खुर्ची दिली तर नको म्हणतो, इथेच बरं आहे. आणि शिवतोय. माणसं त्याला ओलांडून जातायत. पहिल्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने कोटाचं बटण लावून घेतलं, मग त्याच्या शेजारणीने बाही आणली, आता तिथे रांग लागली आहे. हाकलू की राहू दे, असं विचारायला आली होती, कारण काजं मात्र फार सुरेख करतो म्हणाली.

काजं म्हटल्यावर मी पायांत काही न घालता निघाले.

शेवटच्या वळणावर थांबले. वरून त्यांची टाळू दिसत होती. केस किती विरळ झालेत ग. मांडीवर कुणाचा तरी सदरा, आणि सुईत दोरा ओवायचं चाललं होतं. हात लांब करून, मग जवळ आणून, मग परत लांब. दोरा दर वेळी सुईच्या शेजारून जात होता. त्यांच्या चष्म्याचा नंबर कधीचा बदललाय, आणि मी इथे परक्यांच्या काचा घासतेय.

मी पुढची पायरी उतरले आणि ती वाजली. तर काय करावं त्यांनी? वर बघितलंसुद्धा नाही! भराभर सुई टोचून ठेवली, सदरा त्या म्हाताऱ्याच्या हातात कोंबला, पिशवी उचलली आणि उठून दाराबाहेर चालू पडले. मला काही कळेना. मी धावले. बाहेर पोचले तर रस्त्यापलीकडे बेकरीच्या काचेकडे तोंड करून उभे, माझ्याकडे पाठ. पाव बघत होते म्हणे. तुझ्या नियमाचा उरलेला अर्धा त्यांनी नंतर सांगितला, तेव्हा कळलं की त्यांना चूल सापडली नव्हती.

मग मी हाक मारली. भर रस्त्यात, अनवाणी, बाबा म्हणून. इतक्या मोठ्याने की बेकरीवालाही वळला. गेल्या कित्येक रविवारांचा साठलेला आवाज होता तो.

ते आले. म्हणाले की त्या जिन्यात ऊन अजिबात येत नाही, पायांना गारठा लागतो. आम्ही दोघं परत त्याच पायरीवर बसलो. रांग तशीच होती. मी दोरे ओवून देत होते, ते शिवत होते. मधेच, मान खाली घालूनच, म्हणाले की त्या दिवशी मशीनवर कापड नव्हतं. बस, एवढंच. दुसरं मशीन विकलं म्हणाले. मग म्हणाले, नाही विकलं.

सोमवारी मी त्यांना दुकानात नेलं आणि त्यांचे डोळे तपासले. मालकांनी भिंग काढून बघितलं. नवा चष्मा मी स्वतः घासला, त्यांना पाठवते आहे.

बोटीला नाही सांगितलं. बाबांनी थांब म्हटलं नाही, एकदाही नाही. पण मी विचार केला, पायरीवर बसायला बोटीने कुणाला येणं जमेल? ते तर इथे येतानाच बस लागून हिरवेगार झाले होते म्हणे.

मी इथेच राहणार, अटाळीतच. फक्त पुढच्या महिन्यात रजा घेऊन तुझ्याकडे येते. दोघं येतो. पाटी उतरव.

स्टुलाचा पाय हलतो म्हणे. जपून बस, मला तुझी माया अखंड हवी आहे.

तुझी,
भिंगरी

*

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस, आणि पत्र दुकानात वाचलंस तर त्या काच निसटलेल्या मुलालाही, आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही गेलात आणि अर्ध्या तासात पहिला हजर तो कुलूपवाला. आता त्याला अटाळी काय ते कळलंय, तर राहायलाच यायचं म्हणतो! मी म्हटलं, गेली. कुणाला दिली विचारलं. आमच्याच एका मुलीला, म्हटलं. कधीपासून राहते, म्हणाला. दोन दिवस राहिली, म्हटलं. त्याला हिशोब लागेना. बिचारा माझ्या दाराचं कुलूप तेल घालून गेला.

ड्रायव्हरही येऊन गेले. ब्रेकची गोष्ट झाली.

तू आलीस तेव्हा मी दारात नव्हते म्हणून रुसली होतीस ना? तुमची बस वळली तेव्हापासून मी दारातच होते. पावलं जवळ आली तेव्हा आत जाऊन शेगडीकडे तोंड करून उभी राहिले. सवय ग. तू मागून येऊन मिठी मारलीस तेव्हा हातातला डाव दुधात पडला, तो अजून सापडला नाही असं मी तुझ्या बापाला सांगितलंय, कारण सापडला तेव्हा वाकडा झाला होता.

तुझ्या बापाचं तुला सांगायचंय. तू वर सामान लावत होतीस तेव्हाचं. नवा चष्मा नाकावर ठेवून तो घरभर हिंडला. जळमटं बघितली, भिंतीची चीर बघितली, नळाकडे बघून म्हणाला की हा तर मी वाकडाच बसवलाय. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. आणि विचारलं, आई, तू म्हातारी कधी झालीस? मी म्हटलं, तू नळाखाली होतास तेव्हा. तो हसला नाही. स्टूल उलटं करून त्याचा पाय घट्ट करत बसला. मग मला हळूच विचारलं की तू अजून इथेच का बसतेस, वर तर कुणी नसतं. मी म्हटलं, उजेड चांगला येतो.

उजेड काही येत नाही तिथे. तुला म्हणून सांगते.

दोन्ही संध्याकाळी तू वर चालत होतीस. खिडकीपासून पलंगापर्यंत, परत खिडकी. मधली फळी तशीच करकरते, तुझ्या बापाच्या वेळेसारखी. मी खाली बसून निवडायला तांदूळ घेतले होते. तुझा बाप समोर बसून काजं करत होता. तू तर कुणावर रुसलेलीही नव्हतीस, नुसतं काचांचे तुकडे पुसत होतीस. तरी आम्ही बसलो. दोन माणसं खाली बसलेली मी या घरात फार दिवसांनी बघितली. बरं दिसतं.

परवा तुम्हाला बसपर्यंत सोडून आले. येताना रस्ता जरा लांब झाला होता. घरात आले, दिवा लावला. नळ आता मुळीच टपकत नाही, नव्या चष्म्याने बसवलाय ना. थोडा वेळ कान दिला. मग म्हटलं, वेडी की काय तू, आणि तांदूळ घेऊन स्टुलावर बसले. आता हलत नाही ते.

पाटी उतरव म्हणालीस, पण ती मी उतरवलेली नाही. नुसती पुसली. आता त्यावर लिहिलंय, अटाळी दिलेली आहे. खाली जागा उरली होती, कोपरा उडालेला सोडून, तिथे तुम्ही निघताना सांगितलेला दिवस लिहून ठेवला. येणारा जाणारा वाचतो आणि विचारतो, त्या दिवशी काय आहे. मग मी सांगते. सगळ्यांना सांगते. नर्सला तर दोनदा सांगितलं.

तुझ्या बापाला वेगळं लिहीत नाही, त्याला हेच उतरवून पाठव, म्हणजे तेवढ्यासाठी तरी तू त्याला पत्र लिहिशील. त्याच्यावर आणि तुझ्यावर माझी माया सारखीच, पण हे वाक्य उतरवू नकोस.

तुझी,
आजी

ता. क. एप्रिलचा दुसरा शनिवार, असं म्हणाला होतात दोघं. सकाळच्या बसने. पाटीवर तसंच लिहिलंय, पुसलं गेलं तर मी परत लिहीन.